रायवळांची वाडी

कोंडवाडी, मालगुंडजवळ
११ ऑगस्ट १९९८

चि. सौ. वैष्णवीला सगुणावहिनीचा आशीर्वाद.

तू चिपळुणात आईकडे सुखरूप पोचलीस असं निलेशभावजी म्हणाले. डॉक्टरांनी पडून राहायला सांगितलंय, तर पडूनच राहा. शाळेची काळजी करू नकोस, पोरं दुसऱ्या बाईंच्या डोक्यावर मिरी वाटतायत, पण चाललंय. मागल्या खेपेचं मनात आणू नकोस. ते बाळ गेलं तेव्हा मी तुझ्याजवळ होते, याही वेळी असेन. फक्त तू ये लवकर. एकाच घरात दोघी जावा पोटुशी आणि एक माहेरी निजलेली, मग आंबटचिंबट मी खाऊ कुणाबरोबर?

परवा रत्नागिरीच्या त्या कलम केंद्राची जीप पुन्हा आली होती. तेच बोलणं. पोटातल्या पोरावर कलम करून घ्या, तीन वेळा सुया टोचायच्या, पोराला जन्मात ताप येणार नाही, उंच होईल, एकदा वाचलेलं विसरणार नाही, पुढे नोकऱ्या त्यांनाच. मालगुंडात पुष्कळ बायकांनी करून घेतलंन म्हणे. केरू तांडेलाने त्यांना खळ्यातूनच परत पाठवलंन. मथुरा जरा डळमळली होती. मला विचारायला लागली, "वैष्णवीबाय काय म्हणते?" मी म्हटलं, देवळात काय म्हणाली ते विसरलीस? तुझे शब्द मला पाठ झालेत. "कलमाचं झाड बघितलंत ना? खोड आपल्या रायवळ आंब्याचं, फांदी दुसऱ्याची, आणि फळ बाजाराचं. पोर पोटात वाढेल आपल्या, पण आपलं राहणार नाही." शपथेच्या नारळावर पहिला हात तू ठेवलास, त्यावर मी, मग बाकीच्यांनी.

आता मालगुंडच्या बाजारात आपल्याला रायवळांची वाडी म्हणून चिडवतात. चिडवोत. केंद्रवाले म्हणतात, तिसरा महिना लागला की त्यांचा उपाय चालत नाही. म्हणजे अजून थोडे दिवस, मग आपण दोघी सुटलो. कुणी मागे लागणार नाही.

भावजींबरोबर आंबोळीचं पीठ आणि कोकमं पाठवलीत. त्यांचं तुझ्याकडे सारखं येणं-जाणं चाललंय, त्यावरून हे हसतात त्यांना. तू मात्र हसू नकोस, जीव लावणारा नवरा सगळ्यांना मिळत नाही.

तुझी
सगुणावहिनी



कोंडवाडी
२४ जून २००९

वैष्णवी,

आज तुझा भार्गव दिसला.

आमच्या राहीला कानाच्या डॉक्टरकडे रत्नागिरीला नेलं होतं. त्यांनी पुन्हा तेच सांगितलं, तापात कानाची नस गेली ती गेली. येताना मारुती मंदिरला उतरलो, तिला छत्री घ्यायची होती. थोडं पुढे कलमी मुलांची नवी शाळा झालीय, तिच्या फाटकाच्या आत पोरं ओळीत उभी होती. निळी पँट, पांढरा शर्ट, सगळी ताडमाड. राहीने ओळखलं. माझा हात सोडून रस्त्यातून धावली. मी ओरडले, पण तिला ऐकू कुठे येतंय? रिक्षावाल्याने करकचून ब्रेक मारला म्हणून बचावली.

भार्गव ओळ सोडून फाटकाशी आला आणि "मोठी आई!" म्हणून केवढ्याने ओरडला. मला वाटलं, गेल्या दिवाळीला तुम्ही चिपळूणला राहायला गेलात, हा तिथेच आजीकडे शिकतोय, इथे सहलीला आला असेल. बघ, तेव्हाही मी तुझ्या बाजूने कारण शोधत होते. विचारलं, "तू इथे कसा रे?" म्हणाला, "मी इथेच असतो, होस्टेलला." मी म्हटलं, "अरे, ही शाळा कलमींची." मग हळू म्हणाला, "आईने सांगितलंय, मोठ्या आईला सांगायचं नाही."

त्यांच्या बाई आल्या आणि त्याला आत घेऊन गेल्या. मला विचारलंन, "तुम्ही पालक का?" मी म्हटलं, मी त्याची मोठी आई. त्यांनी राहीकडे बघितलं, ती फाटकाच्या गजांत तोंड घालून मोठमोठ्याने भार्गवला हाका मारत होती, आपला आवाज केवढा जातोय ते तिला कळत नाही. बाई म्हणाल्या, "रायवळ नातेवाइकांना रविवारी भेटता येतं. आधी कळवावं लागतं." वाईट नव्हत्या बोलायला. मला खुर्ची देऊ का म्हणून विचारलं.

एस.टी.त बसल्यावर मागचा भादवा एकेक करून समोर यायला लागला. वाडीत मेंदूचा ताप शिरला, घराघरात पोरं पडली. आयांना पोरांच्या जवळ जायची भीती वाटायची आणि तू शाळेची बाई, भार्गवला घेऊन दारोदार फिरत होतीस. तो पोरांना पाणी पाजायचा. मथुराच्या नऊ वर्षांच्या पोराच्या तोंडात शेवटचं पाणी त्यानेच घातलं. आमच्या राहीला फिट आली त्या दिवसापासून तो तिच्या उशाशी बसून होता, कपाळावर ओली फडकी ठेवत. मी तुला म्हटलं होतं, "उठव गो त्याला तिथून, त्यालाही लागेल." तू काय म्हणालीस?

"नाही लागायचं, वहिनी."

मी तुझ्या पाया पडले होते तेव्हा. धाकट्या जावेच्या. वाटलं, माझ्या पोरीसाठी ही आपलं एकुलतं पोर पणाला लावतेय. सबंध वाडी म्हणायची, काळीज असावं तर वैष्णवीबाईसारखं. मालगुंडच्या शाळेत तुझा सत्कार झाला, तू शाल घेतलीस. मी खाली बसून रडत होते.

तुला माहीत होतं, त्याला काही होणार नाही.

तो कधी आजारी पडला नाही हे माझ्या ध्यानात आलं नव्हतं असं नाही. दगडी गडग्यावरून पडून गुडघा फुटला तर चार दिवसांत खपलीसुद्धा राहायची नाही. मी म्हणायची, गुणाचं पोर आहे, कुणाची नजर नको लागायला. मीठ-मिरच्या घेऊन त्याची दृष्ट मी काढायची आणि तू दारात उभी राहून हसायचीस.

मी कुणाला काही बोललेले नाही. ह्यांनाही नाही. आधी तू सांग, हे खरं का?

सगुणा



कोंडवाडी
१९ जुलै २००९

वैष्णवी,

तुझं पत्र मिळालं. खरं आहे म्हणतेस. पहिलं बाळ गेल्यावर पुन्हा ते सोसायची ताकद नव्हती म्हणतेस. केंद्रात गेलीस ती शपथ मोडायला नव्हे, नुसतं विचारायला, आणि तिथे त्यांनी कागदावर आकडे काढून दाखवले आणि तुझे पाय उचलेनात. चिपळूणला निजून राहायचं निमित्त होतं. भावजी तुला सुया टोचायला घेऊन जायचे, आणि मी वेडी त्यांच्या हाती आंबोळीचं पीठ देत होते.

मला तुझं भय कळत नाही असं वाटतं का तुला? ते बाळ माझ्या मांडीवर गेलं. तुझं दूध आटवायला मी कोबीची पानं आणली होती. तू मला एवढंच म्हणायचं होतंस, "वहिनी, माझ्याने होत नाही, मी जाते." मी काय केलं असतं? चार दिवस बोलले नसते. कदाचित पाचव्या दिवशी तुझ्याबरोबर एस.टी.त बसले असते. मलाही दुसरा महिनाच होता. कदाचित गेले नसते, आणि मग राहीचे कान गेले तर ते मी निवडलं म्हणून गेले असते. तू मला निवडूच दिलं नाहीस. आणि परत आल्यावर देवळात पुन्हा उभी राहून तेच भाषण केलंस! पोट दिसायला लागलं होतं तुझं तेव्हा. ते पुन्हा कशाला केलंस? मथुराला तेव्हा दुसरा महिना होता, तू गप्प बसली असतीस तर ती गेली असती. तिचं मन जाऊ की नको करत होतं.

तू लिहितेस, तेव्हा माघार घेतली असती तर सगळ्यांना संशय आला असता. एवढंच कारण?

आता दुसरं. ह्यांना मी सांगितलं. बोटीवरून आले, जेवले, सुपारी कातरत पडवीत बसले होते. मी म्हटलं, "भार्गव कलमी आहे." ह्यांच्या हातातला अडकित्ता थांबला. "काय सांगतेस" म्हणाले नाहीत. "कुणी सांगितलं" म्हणाले नाहीत. म्हणाले, "तुला कधी कळलं?"

समजलं ना तुला? तुला समजलंच असणार, कारण तुम्हा तिघांनाही ठाऊकच होतं. भावजींनी आपल्या भावाला तेव्हाच सांगितलं होतं. मी विचारलं, मग मला का नाही बोललात? म्हणाले, "तुम्ही दोघी पोटुशी, घरात भांडण नको म्हटलं." मी म्हटलं, मलाही नेलं असतंत. ह्यावर म्हणतात, "तू शपथ घेतली होतीस ना. तू कुठली येणार?" म्हणजे माझी शपथ तेवढी खरी धरलीत, आणि बाकीच्यांची सोयीची.

दहा वर्षं चौघं एका चुलीचं खाल्लं. त्यात एकटीला मला माहीत नव्हतं. राही तापात तडफडत होती तेव्हा हा माणूस परसात जाऊन तोंड दाबून रडायचा. मी त्याची समजूत घालायची, की देव बघून घेईल. त्याला कशाचं रडू येत होतं ते मला आता कळतंय.

राहीसाठी पुण्याहून यंत्र आणून देते म्हणतेस. तिच्या बापाने हवं तर घ्यावं, मी आड येणार नाही. तिला ऐकू येणार असेल तर मी कोण मोडता घालणारी? पण ते तू माझ्या हातात ठेवू नकोस.

आणि गप्प राहा म्हणून विनवतेस. गप्प आहे. परवा विहिरीवर मथुराने विचारलं, "भार्गव कसा हाय गो? त्याला बघावंसं वाटतं. माझ्या पोराला पाणी पाजलंन त्याने." मी म्हटलं, चिपळुणात आहे, बरा आहे. माझ्या तोंडाने तुझी थाप मारली. पुन्हा मारवणार नाही.

सगुणा



कोंडवाडी
१७ ऑगस्ट २००९

वैष्णवी,

तुझा मुलगा घरी पोचला, त्याला काही खरचटलेलं नाही, हे तुला ठाऊक आहे. बाकीचं ठाऊक नाही. गाडीची काच बंद होती तुझी.

पंधरा ऑगस्टला झेंडावंदन झालं आणि भार्गव रांगेतून सटकला. एस.टी.ने एकटा मालगुंडला उतरला, तिथून कातळावरून चालत आला. मी खळ्यातलं शेवाळ खरवडत होते. मान वर करते तर पाखाडीच्या पायऱ्यांवर निळी पँट. चिखलाने भरलेला, धापा टाकत नव्हता मात्र. आता माझ्या नजरेला तसलंच आधी दिसतं.

राहीने त्याला बघितलं आणि घरात पळाली. दार लावून घेतलंन. तो दाराशी बसला. दार वाजवून उपयोग नाही हे त्याला ठाऊक, तर दाराखालच्या फटीतून गवताची काडी आतबाहेर करत बसला. कितीतरी वेळ. शेवटी दार उघडलं. राही हल्ली ओठ बघून समजते. तिने विचारलं, "तू कलमी आहेस म्हणून गेलास?" तो म्हणाला, "मला पण माहीत नव्हतं." ती म्हणाली, "हळू बोल, दिसत नाही." त्याने पुन्हा सांगितलं. मग दोघं विहिरीकडे गेली.

वाडीतली पोरं जमली. रायवळ पोरांनी कलमी शाळेचा गणवेश कधी जवळून पाहिला नव्हता. कुणीतरी घरी जाऊन सांगितलंन. मथुरा तशीच आली, हाताला पीठ लागलेलं. मी उंबऱ्यात उभी राहिले. तिने माझ्याकडे बघितलं, भार्गवच्या शर्टावरच्या बिल्ल्याकडे बघितलं. तिला वाचता येत नाही, पण तो बिल्ला रत्नागिरीत सगळ्यांना कळतो.

तिने त्यालाच विचारलं. "तुला ताप आला नव्हता ना रे?"

"नाही, मथुराकाकी."

"येणार नव्हता?"

तो रडायला लागला. म्हणाला, "मला माहीत असतं तर मी सगळ्यांकडे गेलो असतो. तुमच्याकडे जास्त बसलो असतो. आई मला अंधार पडायच्या आत घरी न्यायची."

मथुरा खालीच बसली. तिने त्याला मारलं नाही, जवळही घेतलं नाही. मग मला म्हणाली, "सगुणा, तुला कधीपासून ठाऊक?" ह्यांनी मला विचारलं होतं तेच. मी म्हटलं, जूनपासून. "विहिरीवर मला चिपळूण म्हणालीस." मी म्हटलं, हो. ती उठून गेली. तेव्हापासून तिचं दार मला बंद आहे, आणि ते मी तुझ्यापायी बंद करून घेतलं.

त्याला दोन दिवस मी ठेवून घेतला. शाळेत फोन करून सांगितलं की मुलगा सुखरूप आहे, आणि भावजींना सांगितलं की वैष्णवीने यावं. भावजी म्हणाले, "मी येतो न्यायला." मी म्हटलं, तुम्ही नको. ज्या पाखाडीवरून ती शाल पांघरून वर आली, त्याच पाखाडीवरून तिने यावं. मथुराच्या दाराशी थांबावं. काय बोलायचं ते तिचं तिने बोलावं. पोरगा माझ्याकडे जेवतोय, खेळतोय, त्याला मी अडवलेला नाही. हवं तर म्हणा अडवला.

आज तू आलीस. जीप खाली रस्त्यावर उभी राहिली. मी हाताला लागलं तसं घर आवरलं, चहाचं आधण ठेवलं. खोटं कशाला सांगू, दोनदा दारात जाऊन बघून आले, जणू माझीच पोर सासरहून येतेय. मथुराही दारात येऊन उभी राहिली होती. केरू तांडेल, त्याची सून मालन, सगळी आपापल्या अंगणात. कुणाच्या हातात दगड नव्हता, वैष्णवी. नुसती उभी होती. त्यांना तुझ्याकडून ऐकायचं होतं.

वर आला तो ड्रायव्हर. म्हणाला, "मॅडमना बरं नाही, मुलाला घेऊन यायला सांगितलंय."

मी भार्गवला दप्तर दिलं. बरोबर खाली आले. तू मागच्या सीटवर होतीस, पदर डोक्यावरून घेतलेला. मी काचेवर हात ठेवला. तू काच खाली घेतली नाहीस. भार्गव आत बसताना म्हणाला, "आई, मोठी आई आहे." तू ड्रायव्हरला म्हणालीस, चला. काचेतून ऐकू आलं नाही, पण राहीबरोबर राहून मीही ओठ वाचायला शिकलेय.

वर येऊन मी मथुराच्या बंद दाराशी बसले आणि जे तू सांगायचं होतंस ते मी सांगितलं. देवळातल्या नारळापासून. दार उघडलं नाही, पण आतून भांड्यांचा आवाज थांबला होता. ती ऐकत होती.

सगुणा



कोंडवाडी
१२ सप्टेंबर २००९

वैष्णवी,

यंदा गणपतीला तुम्ही कुणी आला नाहीत. ह्यांनी एकट्याने मूर्ती आणली. भावाची वाट बघत विसर्जनाला उशीर केला. आम्ही दोघं आता कामापुरतं बोलतो.

तू आता वाडीत कुणाकडे चौकशी करणार नाहीस म्हणून मीच सांगते इथे काय चाललंय. केंद्राची गाडी पुन्हा येणार आहे. या वेळी सरपंचांनीच बोलावलंय. तापानंतर पुष्कळांची मनं फिरलीत, काहींची उलट घट्ट झालीत. केरू तांडेल म्हणतो, "एकीने फसवलंन म्हणून गावाने बोल फिरवायचा नाही." त्याची सून मालन पोटुशी आहे, दुसरा महिना चाललाय. केरू घरात ओरडतो, नवरा गुजरातेत बोटीवर. पोरगी वाळून काटकी झाली.

ती माझ्याकडे आली. मी तांदूळ निवडत होते, राही समोर अभ्यास करत होती. मालन म्हणाली, "काकी, मला कुणी सरळ सांगत नाही. तुम्ही सांगा." मग मी तिला सगळं सांगितलं. तुझं भय सांगितलं, तुझं गेलेलं बाळ सांगितलं. ते मी लपवलं नाही, तुला राग आला तरी. शाळेचं फाटक सांगितलं, रायवळांना रविवारी भेटता येतं तेही. म्हटलं, तुझं पोर तिथे शिकायला गेलं तर तुला फाटकाबाहेर उभं राहावं लागेल, तयारी आहे का? ताप येणार नाही, पण वाडीतल्या पोरांत ते वेगळं पडेल. आमचा भार्गव चिखल तुडवत आला तो वाडीतल्या पोरांत राहायला मिळावं म्हणूनच आला होता.

ती म्हणाली, "तुम्ही माझ्या जागी असतात तर?"

मला गप्प बसता आलं असतं. तुझ्यासारखं गोड भाषणही करता आलं असतं. पण तुझ्याकडून हे सगळं झाल्यावर आता कुठल्या बाईच्या तोंडावर अर्धं बोलायची मला शिसारी आलीय. मी म्हटलं, "गेले असते."

आणि मग राहीकडे बघितलं. ती माझ्या ओठांकडे बघत होती.

तिचा आवाज हल्ली कसा चढा निघतो ते तुला माहीत नाही. म्हणाली, "मग मी नसते."

मी म्हटलं, "असं नाही गो. तूच असतीस. ऐकू येणारी." म्हणताना मला कळत होतं की हे खरं नाही. वैष्णवी, जी पोर झाली असती ती उंच असती, गणितात भार्गवसारखी असती, रिक्षाखाली जाता जाता वाचली नसती. ही नसती. राहीला ते माझ्या आधी कळलं. तिने वही मिटली, मालनला म्हणाली, "तू बस, मी चहा करते." मालनला रडू फुटलं. मला फुटलं नाही, मी तांदूळ निवडत राहिले.

सोमवारी मालन गेली. कशी गेली ते ऐक. आदल्या दिवशी विहिरीवर सगळ्या जमल्या असताना कळशी खाली ठेवून म्हणाली, "मी उद्या रत्नागिरीला जातेय, केंद्रात. भीती वाटते म्हणून जातेय. कुणाला बोलायचं असेल तर आत्ताच बोला, मी ऐकून घेते." बोलल्या की. दोघी-तिघी फार टाकून बोलल्या. तिने ऐकून घेतलं. सासऱ्यालाही तोंडावर सांगितलंन, त्याने ताट भिरकावलं. सकाळी ती पाखाडी उतरायला लागली तर मथुराचं दार उघडलं. मथुरा चांगलं लुगडं नेसून, हातात पिशवी. म्हणाली, "एकटी कुठे जातेस? मी येते." ज्या बाईचं पोर तुझ्या शब्दावर गेलं, ती दुसरीच्या पोरासाठी त्या केंद्राच्या बाकावर दिवसभर बसून आली. आल्यावर माझ्या पडवीत टेकली. पाणी मागितलंन. म्हणाली, "सुया बारीक असतात गो. काय नाय वाटलं तिला." तेवढंच बोलली. पाणी प्यायली आणि गेली.

मालनने केलं ते बरोबर की चूक, मला सांगता येत नाही. पुढे ते पोर आमच्यात राहील की त्यांच्यात जाईल, कोण जाणे. पण ती दिवसाढवळ्या, सगळ्यांच्या देखत गेली. एवढंच करायचं होतं, वैष्णवी. सांगून जायचं होतं.

भार्गवला यावंसं वाटलं तर त्याला पाठव. त्याची थाळी अजून मांडणीवर आहे. तू येऊ नकोस. कधीतरी ये म्हणेन असं वाटतं, पण ते आज लिहवत नाही.

राही माझ्याशी अजून बोलत नाही. वाढलेलं जेवते, विहिरीवर माझ्याबरोबर येते, माझी कळशी उचलून देते. बोलायला गेले की मात्र डोळे मिटून घेते, म्हणजे माझे ओठ दिसायला नकोत.

सगुणा